हजर, पण मत दिलं नाही

टॅम्सन हॉलो, व्हर्माँट
९ मार्च १९६७

प्रिय ऑरिन,

मंगळवारी गावसभा झाली. तू येणार नाहीस हे ठाऊक होतं, तरी जेवणाच्या सुट्टीपर्यंत मी शेजारची खुर्ची अडवून ठेवली होती. मग तिथे एडना बसली आणि दुपारभर माझ्या कानाशी घोरली.

बाबांच्या जागी आता वॉल्डो पर्ली सभापती असतो. हातोडा बाबांचाच, पण हा आपटायला घाबरतो, मांजराला थोपटावं तसा टेबलाला लावतो. रस्त्याच्या खडीवरून सकाळ गेली, शाळेच्या छपरावरून दुपार. मग धरणाचे इंजिनियर उठले आणि त्यांनी भिंतीवर नकाशा लावला. दरीभर निळा रंग. आधी कुणाच्या काही ध्यानातच येईना. शेवटी एडनाने विचारलं, "अहो, आमचं चर्च कुठंय यात?" त्यांच्यातला एक तरुण अगदी अदबीने म्हणाला, "बाई, ते निळ्यात आहे."

सगळंच निळ्यात आहे, ऑरिन. चर्च, दुकान, माझं पोस्ट, आपली मेपलची राई, आईबाबा जिथे झोपलेत ती टेकडीची उतरण. वर राहतात ती फक्त रिजवरची, डोंगराच्या धारेवरची, चार घरं. खालच्या गिरण्यांच्या गावांना पुराची भीती वाटते, म्हणून आमच्या डोक्यावर तळं.

मग सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. साहजिकच आहे, सिनेटरची बहीण मीच. वॉल्डोने विचारलं, "हेस्टर, ऑरिन काय म्हणतो?" मी सांगितलं, "ऑरिन धरणाच्या विरुद्ध मत देईल." तुला न विचारता सांगितलं. आता तू माझा शब्द राखायचा.

मेपलच्या झाडांचा रस चांगला येतोय. कागदाला धुराचा वास येईल, रस आटवायच्या कढईशेजारी बसून लिहिते आहे.

तुझी,
हेस्टर


वॉशिंग्टन
२० मार्च १९६७

प्रिय हेस्टर,

पत्राला खरंच वास होता. माझ्या कचेरीतल्या मुली विचारत होत्या, कुठे आग लागली का म्हणून.

तू माझ्या वतीने बोललीस याचा राग नाही. पण एक ऐकून घे. खालच्या गिरणीगावांतली माणसंही माझीच आहेत. सत्तावीस सालचा पूर तुलाही आठवतो. बाबा आपल्याला पुलावर घेऊन गेले होते आणि खालून एक पाळणा वाहत गेला होता. त्या लोकांना मी काय सांगू, तुमचं तुम्ही बघा? तेव्हा मी असा विचार करतोय की एका मोठ्या धरणाऐवजी वरच्या ओढ्यांवर लहान लहान बांध घालावेत. पूर अडेल, हॉलोही राहील. इंजिनियर नाक मुरडतात, पण अशक्य म्हणत नाहीत.

आमच्या पक्षातले काही जण मला अर्धा डेमोक्रॅट म्हणतात आणि डेमोक्रॅट मला बरा रिपब्लिकन म्हणतात. दोन्ही शिव्याच आहेत. पण मतं जमवायला असा माणूस उपयोगी पडतो, कारण माझं सगळ्यांशी बोलणं आहे. धरणांचा सर्वांत मोठा भक्त म्हणजे दक्षिणेकडचा लमार टॅन्सिल. रोज दुपारी तो आणि मी एकाच टेबलावर घेवड्याचं सूप पितो. त्याला वाहतं पाणी दिसलं की अडवावंसं वाटतं. माणूस मात्र सोन्यासारखा आहे.

इथली एक रीत तुला आवडेल. समजा एखादा सभासद आजारपणात अडकला आणि मतदानाला येऊ शकला नाही, तर तो विरुद्ध बाजूच्या मित्राला विचारतो: माझ्याशी जोडी लावशील का? मग तो मित्र सभागृहात हजर असूनही मत देत नाही. दोघांची मतं एकमेकांना फिटतात आणि कुणाच्या दुखण्यावर कुणी जिंकत नाही. नियमांत हे कुठेच नाही. नुसत्या शब्दावर चालतं. मला वाटतं, माणुसकी टिकते ती अशा गोष्टींनी.

बाटलीभर पाक पाठव. इथे मिळतो तो निव्वळ साखरेचं पाणी.

तुझा,
ऑरिन


टॅम्सन हॉलो
२ एप्रिल १९६७

प्रिय ऑरिन,

पाक पाठवला आहे. टॅन्सिलसाहेबांना त्यातला थेंबही द्यायचा नाही.

तुमची रीत वाचली. छान आहे, सभ्य लोकांची आहे. आमच्याकडे गावसभेत जो आला तो आला. ज्याची गाय व्यायला आली तो घरी राहिला, त्याचं मत घरी राहिलं. त्याच्यासाठी कुणी तोंड शिवून बसत नाही.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पूर आहे, पाळणा आहे, बांध आहेत, सूपसुद्धा आहे. पण मत देणार की नाही हे कुठे सापडलं नाही. मला आई आठवली. बाबा तीस वर्षं सभापती. सभापतीने मत द्यायचं नाही, फक्त बरोबरी झाली तर. गावात जीव जाईस्तोवर भांडणं व्हायची आणि बाबा मधे उभे, दोघांचंही बरोबर म्हणत. घरी आले की आई ताट वाढायची आणि विचारायची, "पण तुमचं म्हणणं काय?" बाबा म्हणायचे, "मी सभापती आहे." मग आई आठवडाभर बोलायची नाही.

तू बाबांसारखा झाला आहेस हे मी लोकांना कौतुकाने सांगते. पण या वेळी मला आईच्या प्रश्नाचं उत्तर हवं. मत देणार की नाही? एका शब्दात.

हेस्टर


वॉशिंग्टन
११ एप्रिल १९६७

हेस्टर,

देणार.

ऑरिन


टॅम्सन हॉलो
३० सप्टेंबर १९६७

ऑरिन,

पेपर आज आला. गठ्ठा मीच फोडते, म्हणून गावात सगळ्यांच्या आधी मीच वाचलं. धरणाचा पैसा कापायचा प्रस्ताव सत्तेचाळीस विरुद्ध सत्तेचाळीस, बरोबरी झाली म्हणून पडला. खाली नावं दिली होती. "हो"मध्ये तुला शोधलं. "नाही"मध्ये शोधायला धीर होत नव्हता, तरी शोधलं. तू दोन्हीकडे नव्हतास. सर्वांत शेवटी बारीक अक्षरात होतं, थ्रॉल, व्हर्माँट, हजर, पण मत दिलं नाही.

वॉल्डो खिडकीशी आला. म्हणाला, "छापायची चूक असेल." मी म्हटलं, "असेल."

चूक आहे का?

हेस्टर


वॉशिंग्टन
४ ऑक्टोबर १९६७

प्रिय हेस्टर,

छापायची चूक नाही.

त्या दिवशी सकाळी टॅन्सिलचा फोन आला, इस्पितळातून. त्याची बायको ओडेल महिनाभर अंथरुणाला खिळून होती. डॉक्टर म्हणाले होते, आज किंवा उद्या. तो म्हणाला, "ऑरिन, मला इथून हलता येत नाही. माझ्याशी जोडी लावशील?" मी हो म्हणालो. माझी मोजणी झालेली होती, आमच्याकडे चांगली चार मतं जादा होती. माझ्या एका मताने काही बिघडणार नाही असं वाटलं. आणि खरं सांगायचं तर, बिघडणार असतं तरी मला नाही म्हणता आलं नसतं.

नावं पुकारली जाऊ लागली आणि आमचे दोघं फिरले. त्यातल्या एकाने माझ्याकडे पाहिलंही नाही. माझं नाव आलं तेव्हा मी उठून म्हणालो, "मला मोकळीक असती तर मी हो म्हटलं असतं. पण मी सिनेटर टॅन्सिल यांच्याशी जोडी लावली आहे, म्हणून मत राखून ठेवतो." शेवटी आकडा जाहीर करण्याआधी कारकून थोडा थांबला. सगळं सभागृह माझ्याकडे बघत होतं. तेव्हाही मला उठता आलं असतं. कायद्याने कुणी अडवलं नसतं.

मी दोन शब्द देऊन बसलो होतो, हेस्टर. एक तुला, एक त्याला. त्याचा पाळला, कारण तो तिथे नव्हता.

पुढच्या वर्षी पुन्हा प्रस्ताव आणीन.

तुझा,
ऑरिन


टॅम्सन हॉलो
१२ ऑक्टोबर १९६७

ऑरिन,

टॅन्सिलबाई कशा आहेत? टोमणा नाही, खरंच विचारते. माझ्या नवऱ्याचे, अमोसचे, शेवटचे दिवस मला आठवतात.

तो तिथे नव्हता म्हणून त्याचा शब्द पाळलास. मी पण तिथे नव्हते. मी इथे पोस्टाच्या खिडकीत होते, आणि माझ्यामागे अख्खं गाव होतं.

तू वाईट काही केलं नाहीस. तेच मला सोसत नाही. पैसे खाल्ले असतेस, घाबरला असतास, तर चार शिव्या घालून मी मोकळी झाले असते. लोक विचारतात तेव्हा काय सांगू? आमच्या ऑरिनने सभ्यपणा केला आणि आपण बुडालो?

पुढच्या वर्षीचं मला काही सांगू नकोस. इंजिनियरांनी राईतल्या झाडांना कालच पांढरे पट्टे मारले.

हेस्टर


वॉशिंग्टन
१६ फेब्रुवारी १९७०

प्रिय हेस्टर,

नाताळच्या कार्डांपलीकडे आपण बरेच दिवस लिहिलेलं नाही. ओडेल टॅन्सिल त्याच आठवड्यात गेली, हे तुला कळवायचं राहून गेलं. पुढचा प्रस्ताव पहिल्याहून वाईट पडला, ते तू वाचलंच असशील.

वॉल्डोचं पत्र आलं. यंदाची गावसभा हॉलोची शेवटची. उन्हाळ्यात धरणात पाणी अडवणार, त्याआधी गाव मोडून रिजवरची हद्द शेजारच्या ईस्ट हार्लन गावात घालायचा ठराव येणार आहे. माझं नाव अजून हॉलोच्याच मतदारांत आहे. मला यावंसं वाटतं. पण माझ्यामुळे लोकांना त्रास होणार असेल, शेवटच्या दिवशी माझं तोंड बघावं लागणार असेल, तर तेही मला नको आहे. दोन्ही बाजूंनी विचार करतोय. तुझं काय मत? येऊ का?

ऑरिन


टॅम्सन हॉलो
२१ फेब्रुवारी १९७०

ऑरिन,

हॉलच्या दाराला कुलूप नसतं. ज्याला यायचं तो येतो. तीन वर्षांपूर्वीही नव्हतं.

आईबाबांना सोमवारी हलवलं. ठेकेदाराची माणसं चांगली होती, टोप्या काढून काम केलं. नव्या जागी दगड उत्तरेकडे तोंड करून बसवलेत. मी सांगितलं की बाबांना सकाळचं ऊन लागायचं. ते म्हणाले, आता सिमेंट धरलं.

हेस्टर


ईस्ट हार्लन, व्हर्माँट
१५ सप्टेंबर १९७४

प्रिय ऑरिन,

पत्ता बदललेला दिसेल. इथे पोस्टात आता एक मिशीवाला पोरगा बसतो, पत्रं उलटीसुलटी लावतो.

तू पडलास हे कालच कळलं. उमेदवार निवडायच्या मतदानात तुझ्याच पक्षाच्या लोकांनी तुला तिकीट नाकारलं, तेही त्या केस विंचरलेल्या पोराला देऊन. त्याच्या जाहिराती इथे प्रत्येक कुंपणावर होत्या, "थ्रॉल नक्की कुणाचा?" मी आमच्या कुंपणावरची फाडली. तो प्रश्न विचारायचा हक्क माझा आहे, त्याचा नाही.

मत तुलाच दिलं. फुगून जाऊ नकोस, दुसरं कुणी धड नव्हतं.

चोवीस वर्षं, म्हणजे बाबांहून कमीच. आता काय करणार? जेवतोस ना नीट? घरात तुझी एल्स्पेथ असती तर मला काळजी नव्हती. ती होती तोवर तुझ्या पत्रांत निदान घरातल्या गोष्टी असायच्या.

चार वर्षं मी लिहिलं नाही. तुझ्या पत्राची वाट बघत होते. आता तू हरलास म्हणून लिहिते आहे, म्हणजे मी काही फार मोठ्या मनाची नाही.

तुझी,
हेस्टर


बर्लिंग्टन, व्हर्माँट
६ नोव्हेंबर १९७४

प्रिय हेस्टर,

तुझं पत्र आलं तेव्हा मी कचेरी आवरत होतो. खोक्यावर बसून वाचलं. मीही तुझ्याच पत्राची वाट बघत होतो. आपण दोघं एकाच आईची पोरं, दुसरं काय.

सरोवराकाठी दोन खोल्या घेतल्या आहेत. सूप स्वतः करतो, ते वाईट होतं.

निरोपाच्या दिवशी टॅन्सिल खास आला. फार थकलाय आता. आम्ही आमच्या जुन्या टेबलावर बसलो आणि बोलता बोलता मी हॉलोचं नाव काढलं. इतक्या वर्षांत आम्ही तो विषय कधी काढला नव्हता. पाणी कुठवर आलं, आईबाबांच्या कबरी कुठे गेल्या, सगळं सांगितलं. तो चमचा खाली ठेवून म्हणाला, "ऑरिन, ते तुझं गाव होतं? तुझं स्वतःचं?" मी म्हणालो, "तुला माहीत नव्हतं?" तर म्हणाला, "मला वाटलं, तुझ्या राज्यातलं कुठलं तरी. अरे, इस्पितळात फोन होता. एकदा विचारायचंस. मी तिथल्या तिथे तुला सोडलं असतं."

असं आहे, हेस्टर. मी विचारलं नाही. बायको मरणाच्या दारात असलेल्या माणसाला शब्द परत मागायचा, हे मला शोभलं नसतं असं वाटलं. कारकून थांबला होता, तेव्हा बाहेरच्या खोलीत फोनही होता. मी फक्त शोभेल का याचाच विचार केला.

हे कुणाजवळ तरी बोलायचं होतं. तुझ्याशिवाय कुणी नाही.

तुझा,
ऑरिन


बर्लिंग्टन
२४ फेब्रुवारी १९७५

प्रिय हेस्टर,

नाताळात पाठवलेल्या मोज्यांबद्दल आभार. एक लहान आहे, पण माझा एक पायही आता सुजून मोठा झाला आहे, तेव्हा तू चुकीच्या पायाचा लहान केलास एवढंच.

काल न्हाव्याकडे वॉल्डो भेटला. मुलीकडे आला होता. खूप बोलला, आणि बोलण्याच्या ओघात एक गोष्ट सांगितली. शेवटच्या गावसभेची गोष्ट. गाव मोडायच्या ठरावावर तू उभी राहिलीस आणि मत दिलं नाहीस, असं तो म्हणाला. माझं नाव घेतलंस, असंही म्हणाला. खरं आहे का? काय बोललीस?

ऑरिन


ईस्ट हार्लन
२८ फेब्रुवारी १९७५

प्रिय ऑरिन,

वॉल्डोच्या पोटात काही राहत नाही. लहानपणीही नव्हतं राहत.

खरं आहे. मी दुपारपर्यंत पुन्हा खुर्ची अडवून ठेवली होती. दार वाजलं की मान वळायची. तू आला नाहीस. ठराव आला तेव्हा माझ्या अंगाची नुसती आग होत होती. मी उभी राहिले आणि तुझ्याच सिनेटच्या थाटात म्हणाले, "सभापती महाराज, माझा भाऊ आज इथे येऊ शकलेला नाही. तो असता तर त्याने 'हो' म्हटलं असतं. मला मोकळीक असती तर मी 'नाही' म्हटलं असतं. पण मी त्याच्याशी जोडी लावली आहे, म्हणून मत राखून ठेवते."

दोघंतिघं हसले. मला वाटलं होतं, सगळे हसतील. एडना रडायला लागली आणि मी खाली बसले.

तू 'हो' म्हणालाच असतास. पाण्याखालच्या गावाचं नाव राखून काय करायचं, रिजवरच्या लोकांना बर्फ काढायला गाडी हवी, शाळा हवी. अगदी तुझ्यासारखं बोलणं आहे, शहाणपणाचं. खरं तर सगळे तसंच बोलत होते.

तुला टोचावं म्हणून केलं. पण तुला कळवायची हिंमत झाली नाही, म्हणजे टोचलं फक्त मला.

तुझी,
हेस्टर


बर्लिंग्टन
४ मार्च १९७५

हेस्टर,

आज मार्चचा पहिला मंगळवार. सगळीकडे गावसभा चालू असतील.

त्या दिवशी मी निघालो होतो. आदल्या दिवशी विमानाने बर्लिंग्टनला आलो, सकाळी बूट घालून हॉटेलच्या खाटेवर बसलो. तुझं पत्र खिशात होतं. "ज्याला यायचं तो येतो." मला वाटलं, येऊ नकोस असं तू सभ्यपणे सांगते आहेस. दुपारपर्यंत तसाच बसलो आणि परतीचं विमान पकडलं.

आणि मी 'हो' म्हणणार नव्हतो. रस्ते, शाळा, बर्फ, सगळं मलाही ठाऊक होतं. ठराव बरोबरच होता. पण मी येणार होतो तो 'नाही' म्हणायला. त्या एका दिवशी मला कुणाची दुसरी बाजू बघायची नव्हती. आईच्या प्रश्नाचं उत्तर बाबांच्या हातोड्यासमोर द्यायचं होतं, सगळ्यांच्या देखत.

जोडी लावायची तर आधी विचारावं लागतं, हेस्टर. टॅन्सिलने निदान विचारलं होतं. तू विचारलं नाहीस. तुला दोष देत नाही, मीही त्याला कुठे विचारलं.

वॉल्डो म्हणाला, त्याने रीतीप्रमाणे विचारलं, "कुणी विरुद्ध?" आणि हॉलमध्ये कुणीही बोललं नाही. तो थोडा वेळ थांबलाही होता. मग एकमताने मंजूर म्हणून हातोडा आपटला. गाव मोडलं आणि 'नाही' म्हणणारं एक माणूस निघालं नाही. आपण दोघंही 'नाही' होतो.

रस उतरायला लागला असेल. यंदा येऊ का? एका शब्दात सांग.

तुझा,
ऑरिन


ईस्ट हार्लन
७ मार्च १९७५

ऑरिन,

ये.

राई नाही, पण रस्त्याच्या कडेला सहा मेपल आहेत, त्यांना बादल्या लावल्या आहेत. ताजा पाक बर्फावर ओतून खाऊ, गोड फार झालं तर तोंडी लावायला आंबट काकड्या बरणीत आहेत. सुजलेल्या पायाचे बूट सैल बांध.

वॉल्डोला पण बोलावलं आहे. हातोडा अजून त्याच्याकडेच आहे, गाव मोडल्यावर कुणाला द्यायचा ते कुणीच ठरवलं नाही. जेवणं झाली की आपण गाडीने वर धरणाच्या कठड्यापर्यंत जाऊ. मी त्याला सांगून ठेवलं आहे, तिथे त्याने एकदा पुन्हा "कुणी विरुद्ध?" असं विचारायचं, आणि आपण दोघांनी उभं राहून मत द्यायचं. तो म्हणाला, "हेस्टर, याने काय होणार?" मी म्हटलं, "काही होणार नाही, पाणी काही उतरत नाही. तू फक्त विचार, आणि आम्ही बोलेपर्यंत थांब."

तुझी,
हेस्टर